दहा इंचांतली कुमुद

आईनं पाय आपटला. जमिनीतून आलेली थरथर माझ्या तळव्यांना कळली आणि मी मान वर केली.

आमच्या घरात हाक मारायची ती अशीच. माणूस जवळ असेल तर पाय आपटायचा, लांब असेल तर दिवा चालू-बंद करायचा, आणि मुद्दाम दुर्लक्ष करत असेल तर सरळ हनुवटी धरून त्याचं तोंड आपल्याकडे वळवायचं. माझे आई-बाबा दोघंही जन्मापासून कर्णबधिर. मला ऐकू येतं, पण त्याचा घरात उपयोग दूधवाल्याची हाक आणि कुकरची शिट्टी यापलीकडे फारसा नव्हता. बोलणं सगळं हातांनी. मी बोबडे बोल बोलले तेसुद्धा बोटांनी, असं आई कौतुकानं सांगायची.

"लागलं का?" तिनं हातांनी विचारलं.

"अजून वेळ आहे. बस जरा."

"मी बसलेलीच आहे. तूच उगाच खुडबुड करतेयस."

बसलेली कसली? दर दोन मिनिटांनी आरशात बघून येत होती. फुलाफुलांची नवी साडी नेसली होती, केसात अबोली होती. रविवारची दुपार, बाबा छापखान्यातल्या मित्राकडे गेलेले, आणि सोलापुरातल्या आमच्या त्या एकामागे एक तीन खोल्यांच्या घरात आई लग्नाला निघाल्यासारखी तयार होऊन बसली होती. कारण आज तिला कुमुद दिसणार होती.

कुमुद ही आईची निवासी शाळेतली मैत्रीण. एका ताटात जेवलेल्या, एका सतरंजीवर झोपलेल्या. पुढे आई लग्न होऊन सोलापूरला आली. कुमुद उदगीरला भावाच्या घरी राहिली आणि शाळांचे गणवेश शिवणाऱ्या एका केंद्रात मशीनवर बसू लागली. शाळेतल्या जुन्या मुलामुलींचा दर दिवाळीनंतर सोलापुरात मेळावा भरायचा, तिथे दोघींची भेट ठरलेली असायची. सभागृहात शे-दीडशे माणसं आणि आवाज फक्त पंख्यांचा. हात मात्र असे चालायचे की मधून वाट काढणं मुश्कील.

अशाच एका मेळाव्यात कुमुद चहाच्या ट्रेवर जाऊन आदळली. कप फुटले, एकाच्या पांढऱ्या सदऱ्याचा नकाशा झाला. आई म्हणजे नकला करण्यात एक नंबर. तिनं लगेच सगळ्यांपुढे उभं राहून ते करून दाखवलं. कुमुद महाराणीसारखी चालतेय, ट्रे समोर दिसतोय, तरी महाराणी कशाला वळेल! सगळं सभागृह हसलं. कुमुदही हसली. पुढच्या वर्षी ती आली नाही. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. आईनं मोबाइलवर निरोप पाठवले की "बरी आहे" एवढंच उत्तर. "मी येते उदगीरला" म्हटलं तर "येऊ नको, घरात पाहुणे आहेत." चार वर्षं कुणाकडे पाहुणे राहतात का?

"माझ्यावर रुसलीय," आईनं मनाशी घेतलं होतं. "सगळ्यांसमोर तिचं हसं केलं मी."

शेवटी मी कुमुदच्या भाचीचा, स्मिताचा, नंबर मिळवला आणि इंटरनेटवरून दोघींना समोरासमोर आणायचं ठरवलं. ती आत्याला उदगीरच्या एका सायबर कॅफेत घेऊन येणार होती. तेव्हा हे आजच्यासारखं सोपं नव्हतं, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा नव्हता.

"मी आज माफी मागणार," आई म्हणाली. "आणि ती काय म्हणते ते मला नीट दिसलं पाहिजे. अर्धवट नको. तुटलेली मैत्री जुळते का नाही ते आज कळेल."

हे सगळं ज्याच्या भरवशावर चाललं होतं तो माझा लॅपटॉप मामानं दिलेला. त्यानं स्वतःसाठी मोठा घेतला आणि हा दहा इंची माझ्याकडे आला. पाटीएवढा. बरं, त्या पाटीवरही लिहायला जागा नाही. वर ब्राउझरचं नाव, त्याखाली मेन्यू, त्याखाली पत्त्याची पट्टी, त्याखाली आवडत्या साइटींची पट्टी, त्याखाली फुकटच्या सॉफ्टवेअरबरोबर गळ्यात पडलेले दोन टूलबार. खाली आणखी दोन पट्ट्या. साइटच्या उजव्या बाजूला गप्पा टाइप करायचा रकाना. एवढ्यांनी आपापलं बस्तान मांडल्यावर मधे जे उरायचं त्यात चित्र. मला त्याची सवय झाली होती. तोंड पडद्याला लावून बसलं की चालायचं.

शिवणाच्या मशीनवर लॅपटॉप ठेवला होता, दाराकडे पाठ आणि घराकडे तोंड करून. आई समोर स्टुलावर बसली. मी बाजूला.

कुमुद दिसली. केस पांढरे झालेले, चष्मा जाड. प्लायवुडच्या अरुंद खोक्यात ती बसली होती. पाठ मागच्या फळीला टेकलेली, समोर लगेच पडदा. मागे खांद्यावरून स्मिता डोकावत होती.

आईचे हात सुटले. आईचं बोलणं मुळातच ऐसपैस. तिच्या हातांनी आमच्या घरातला एक दिवा आणि दोन बरण्या फुटलेल्या आहेत. किती दिवसांनी, किती वाळलीस, जेवतेस का, मशीन चालतंय का, एका दमात सगळं. कुमुद हसली. पण आमच्याकडे बघून नाही, जरासं बाजूला बघून.

"बरी आहे," ती म्हणाली. "तू?"

"मी विचारलं, मशीन चालतंय का?"

"हो. मुलगी बरी ना?"

आई थांबली. मग सावकाश, दोन्ही हात पसरून तिनं ती चहाच्या ट्रेची गोष्ट काढली. मी चुकले, म्हणाली. तुला वाईट वाटलं का, विचारलं. कुमुदनं मान डोलावली. हो-हो केलं. आणि पुन्हा म्हणाली, "बरी आहे."

आईचे हात मांडीवर पडले. "बघितलंस?" ती माझ्याकडे वळून म्हणाली. "तिला बोलायचंच नाही माझ्याशी."

मला वाटलं, चित्र अडकतंय. मी स्मिताला फोन लावला.

"दिसतंय ना नीट तिकडं?"

"दिसायलंय की ताई, एकदम क्लिअर. आत्याच काही बोलंना झालीय. थांबा, जवळ करते." आणि तिनं पडदा उचलून कुमुदच्या नाकाजवळ सरकवला. कुमुदचे डोळे आणखी गोंधळले आणि तिनं तो परत मागे ढकलला.

तेवढ्यात आईनं माझ्या हातावर हात ठेवला, गप्प राहा अशा अर्थी. ती कुमुदच्या डोळ्यांकडे बघत होती. हातांकडे नाही, डोळ्यांकडे. तिनं आपलं एक बोट वर केलं आणि हळूच उजवीकडे नेलं. कुमुदची नजर थोडी बरोबर आली आणि मधेच सुटली. मग ती शोधत राहिली, वर, खाली, जसं अंधारात चप्पल शोधावी तसं. बोट तिथेच होतं. आईनं ते डावीकडे नेलं. पुन्हा तेच.

आईचा चेहरा उतरला.

"फोन ठेव," ती मला म्हणाली. "त्या पोरीला काही बोलू नकोस."

मी काहीतरी सबब सांगून फोन ठेवला. "काय झालं?"

"कुमुदची नजर जातेय. आमच्यात होतं असं कुणाकुणाला. शाळेत एका मुलीचं झालं होतं. आधी कडा जातात. मग नळीतून बघितल्यासारखं, मधलं तेवढंच दिसतं. माझं तोंड दिसलं तर हात दिसत नाहीत. हात दिसला तर दुसरा हात दिसत नाही."

"मग स्मिताला सांगते ना. चित्र लहान करून दे म्हणते. एका मिनिटाचं काम."

"नाही." आईनं माझी हनुवटी धरली. "घरात कुणाला माहीत नाही, दिसत नाही का तुला? ती लपवतेय. आज सांगितलंस तर उद्या तिला मशीनवरून उठवतील. कोपऱ्यात बसवतील. ते कधी सांगायचं ते ती ठरवेल."

एवढं बोलून ती उठली. स्टूल बाजूला केलं आणि मागे जाऊ लागली.

मला आधी वाटलं, हिला रडू आलं. पण ती पाठ फिरवून जात नव्हती. पडद्याकडे तोंड ठेवून एकेक पाऊल मागे टाकत होती. बाहेरच्या खोलीचा उंबरठा तिनं पायानं चाचपून ओलांडला. मधल्या खोलीत गेली. तिथला दिवा लावला. खुंटीवरचं बाबांचं काळं स्वेटर घेऊन फुलाफुलांच्या साडीवरून डोक्यातून ओढलं, ऐन सोलापूरच्या उन्हात, आणि भिंतीशी जाऊन उभी राहिली. माझ्या पडद्याच्या कोपऱ्यात आमचं चित्र दिसायचं, त्यात ती लहान लहान होत गेली होती. काळ्या स्वेटरवर तिचे दोन हात मात्र स्वच्छ दिसत होते.

तिनं कुमुदचं नाव घेतलं. शाळेतल्या प्रत्येक मुलाला हातांचं एक नाव असतं, पोरांनीच ठेवलेलं. कुमुदचं नाव होतं, दोन बोटं भांगावरून तिरकी. तेवढंच आईनं केलं, छोटंसं, आणि वाट बघत राहिली.

कुमुदची भिरभिरणारी नजर थांबली. एकाच जागी, घट्ट. तिचा डावा हात वर आला आणि तिनं आईचं नाव घेतलं.

आई लहान झाली होती म्हणून कुमुदला पूर्ण दिसली होती.

पण आता दुसरीच पंचाईत. आईनं लांबून दिवा चालू-बंद केला, मी वळले.

"मला तिचे हात दिसत नाहीत," ती म्हणाली. "मोठं कर. लवकर."

बरोबरच होतं. तेवढ्या अंतरावरून पाटीएवढा पडदा म्हणजे टपालाचं तिकीट, आणि त्या तिकिटावरही पट्ट्या आणि रकाने. लॅपटॉप पुढे नेला असता तर कॅमेराही आईजवळ गेला असता, आणि आई पुन्हा कुमुदच्या नजरेबाहेर सांडली असती. लॅपटॉप हलवता येत नव्हता, आईला हलता येत नव्हतं. उरला पडदा. त्यातच जागा काढायची होती.

चुकून भलतंच बटण दाबलं गेलं आणि कॉल तुटला तर? कुमुद पुन्हा कॅफेत येईल याची काय खात्री? आधी ते फुकटचे दोन टूलबार काढले. चित्र बोटभर वर सरकलं आणि कुमुदचा भांग दिसला. आवडत्या साइटींची पट्टी गेली. खालची पट्टी लपवली, तेव्हा तिची कोपरं दिसू लागली. मी मागे वळून बघितलं. आईनं मान हलवली, नाही.

उजवीकडचा गप्पांचा रकाना काही केल्या जाईना. त्याला बंद करायचं चिन्ह शोधता शोधता मला घाम फुटला. शेवटी एक बारीकसा बाण सापडला, तो दाबला आणि रकाना भिंतीत शिरल्यासारखा कडेला गेला. कुमुद पसरली. मग देवाचं नाव घेऊन वरच्या रांगेतलं एफ-अकरा दाबलं. पडदा क्षणभर काळा झाला.

आणि मग सगळ्या पडद्यावर फक्त कुमुद. मेन्यू नाही, पत्ता नाही, घड्याळ नाही. कंट्रोल धरून अधिकचं चिन्ह दाबत गेले तशी ती आणखी जवळ आली, कडांपर्यंत भरली. त्या फुटक्या यंत्रात एवढी जागा होती आणि इतके दिवस मी ती पट्ट्यांना देऊन ठेवली होती.

आई पुन्हा मान हलवत होती. "डावा हात," ती म्हणाली. "डावा हात झाकलाय."

कोपऱ्यातलं आमचं चित्र नेमकं कुमुदच्या डाव्या हातावर होतं, आणि कुमुद डावखुरी. मी आईला विचारलं, "हे काढलं तर तू स्वतःला दिसणार नाहीस. चौकटीत आहेस का नाही ते कसं कळेल?"

"कुमुदच्या डोळ्यांत कळेल. मला मी कशाला बघायचीय?"

मी ते काढलं.

त्यानंतर जे झालं ते मी मशीनशेजारी जमिनीवर बसून बघितलं. आज माझ्या टेबलावर खिडकीएवढा पडदा आहे, त्यावर जगातलं काय काय मी बघितलंय, पण तसं पुन्हा काही दिसलं नाही. एका बाजूला दहा इंच काचेत काठोकाठ भरलेली कुमुद. दुसऱ्या बाजूला मधल्या खोलीत भिंतीशी उभी माझी आई. आणि दिवे-बरण्या फोडणारी माझी आई वीतभर जागेत बोलत होती. हनुवटीपासून छातीपर्यंत, दोन खांद्यांच्या आत. एक खूणसुद्धा बाहेर जात नव्हती. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. कुमुदची नजर जरा सैल झाली की ती थांबायची, हात आणखी आत घ्यायची, पुन्हा बोलायची. मी जन्मभर हातांनी बोलत आले, आणि तोवर मला वाटत होतं की मला माझ्या आईची भाषा येते.

"इतकी लांब का उभी?" कुमुदनं विचारलं.

"जाडी झालेय. जवळून मावत नाही."

कुमुद खळखळून हसली. मग हसता हसता थांबली. मागे स्मिता उभी होती, तिला चार खुणांपलीकडे काही येत नव्हतं, तरी कुमुदनं हात छातीजवळ घेतले आणि अगदी हळू म्हणाली, "कळलं तुला?"

"आत्ता कळलं."

"तो ट्रे मला दिसलाच नव्हता. तेव्हा मलाही माहीत नव्हतं. वाटलं, मीच वेंधळी."

"आणि मी हसले."

"सगळे हसले. मीही हसले. नंतर प्रत्येक वेळी तसंच व्हायला लागलं. एकजण बोलायचा, मी दुसऱ्याकडे बघत असायचे. सगळे हसले की मी हसायचे. कशाला यायचं मग?"

आईनं हात जोडले. छातीपाशी, लहानसे, तिथेच धरून ठेवले. कुमुदला ते दिसले. तिनं आपला डावा हात पुढे करून हवेतच ते खाली केले, राहू दे अशा अर्थी. फोन वाजला. स्मिता होती.

"ताई, काय म्हणायल्यात ह्या? डोळ्यांत पाणी हाय आत्याच्या."

"काही नाही गं," मी म्हटलं. "शाळेतल्या गोष्टी निघाल्यात."

"असं व्हय. मग बोलू दे. मी च्या सांगून येते."

ती गेल्याचं कुमुदला कळलं असावं. तिच्या खुणा मोकळ्या झाल्या.

"मालन," ती आईला म्हणाली, "हे आहे तेवढंही जाणार आहे. मी एकटीच डॉक्टरकडे जाऊन आले. त्यानं कागदावर लिहून दिलं. मला बाकी कशाची भीती नाही. मशीन मला हातानं चालवता येईल. पण तुम्ही कुणी बोललेलं मला दिसणार नाही. मग मी कुठे जाऊ?"

मला तिथून उठून जावंसं वाटलं. हे मी बघायचं नव्हतं असं वाटलं. आई मात्र हलली नाही. ती विचारात पडलेलीही दिसली नाही. उत्तर तिच्याजवळ आधीपासूनच असावं तसं तिनं विचारलं, "वसतिगृहात बाई दिवे बंद करून जायच्या, तेव्हा आपण गप्प बसायचो का?"

कुमुद बघत राहिली.

"सांग की. काळोखात काय करायचो?"

कुमुदचे हात सावकाश एकमेकांवर आले. डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं धरली, उजवा हात त्याच्या आत हलला. माझ्या पडद्यावर आता दुसरं काहीच नव्हतं, फक्त ते दोन हात, एक बोलणारा आणि एक ऐकणारा, दोन्ही तिचेच.

"हातात हात घालून बोलायचो," ती म्हणाली. "पहाटेपर्यंत."

"मग झालं तर."

कॉल संपल्यावर आईनं स्वेटर काढलं. घामानं भिजली होती, अबोली चुरगळली होती. ती पाणी प्यायली आणि मधल्या खोलीतच फरशीवर बसली. मला समोर बसायची खूण केली. माझे दोन्ही हात ओढून आपल्या हातांत घेतले आणि डोळे मिटले.

"बोल," ती म्हणाली. "शाळा सुटून चाळीस वर्षं झाली. विसरले असेन. सवय केली पाहिजे."

मी तिच्या तळव्यात बोलले. तिनं मान हलवली, कळलं नाही. मी पुन्हा बोलले, सावकाश. तिनं माझी बोटं चाचपली, मनगट चाचपलं, कपाळाला आठ्या घातल्या, पण डोळे उघडले नाहीत.

"एवढं हळू नको," ती म्हणाली. "नेहमीसारखं बोल."

मी नेहमीसारखं विचारलं, "उदगीरला कधी जायचं?"

आईचा चेहरा एकदम उजळला. डोळे मिटलेलेच होते.

"उद्या," ती माझ्या हातात म्हणाली.